लग्नाच्या आधीचे तीन दिवस

मी व्हाइटफील्डमध्ये राहते आणि लोकांच्या सहलींबद्दल लिहून पोट भरते. 'बालीमध्ये पाच दिवस', 'कमी खर्चात व्हिएतनाम', 'हनिमूनसाठी दहा बेटं' असलं सगळं. बी.ए. इंग्लिश केलं तेव्हा वाटलं होतं कादंबरी वगैरे लिहीन. असो. मागच्या वर्षापर्यंत माझ्या स्वतःच्या पासपोर्टवर मात्र एकही शिक्का नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी काही सल्ला दिला तर तो कुठून आला ते तुम्हाला कळेल.

ऑक्टोबरमधली संध्याकाळ होती. होप फार्मच्या सिग्नलला रिक्षा नेहमीसारखी अडकली होती आणि फोनवर एक व्हिडिओ आला. पुण्याच्या मामाच्या मुलीचं लग्न, मे महिन्यात, मॉरिशसला! निळा समुद्र, पांढरे पडदे, मागे सनई. दोन रात्रींची राहण्याची सोय मामाकडून, तिकीट ज्याचं त्यानं काढायचं.

दहा मिनिटांत बेळगावहून आईचा फोन. "बघितलीस काय? तू जा. मी काय करतो तिथं?"

(आमच्या बेळगावात बायकाही 'मी करतो, मी जातो' असंच म्हणतात. पुण्याची भावंडं यावर हसतात, आम्हाला सवय आहे.)

आई शहापुरात घरीच ब्लाउज शिवते. बाबा गेल्यापासून घर त्याच मशीनवर चाललं. ती विमानात कधी बसली नव्हती आणि तिला त्याची भीतीही नव्हती. भीती वेगळीच होती. सगळे पुण्या-मुंबईचे, इंग्रजी बोलणारे, पाण्यात उतरणारे. आपण आपले खोलीत बसून राहणार. मामानं तिकीट काढायची तयारी दाखवली तेव्हा ती म्हणाली, "भावाकडनं साडी घेतो मी, विमानाचं तिकीट नाही."

पण ती नवरीची एकुलती एक आत्या. बारशाला त्या पोरीच्या कानात नाव सांगितलं ते आईनंच. तीच नाही म्हणाली म्हटल्यावर फोनवर मामाचा आवाज एकदम उतरला.

नातेवाइकांच्या ग्रुपवर वेगळंच चाललं होतं. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये परदेशात जाऊन लग्नं करण्याऐवजी ती देशातच करा असं म्हटलं होतं, ती क्लिप एका काकांनी तीनदा टाकली. खरं सांगू? मलाही हे परदेशातलं लग्न म्हणजे थोडी हौस आणि थोडा दिखावा वाटतो. पाहुण्यांच्या खिशाला चाट बसते ती वेगळीच. पण पोरीनं हौसेनं ठरवलंय, तर जायचं की नाही एवढंच आपल्या हातात असतं. आणि जायचंच तर मग कसं जायचं, हेही.

मी लगेच कामाला लागले. लग्नानंतर पाच दिवस फिरायचं असा तक्ता केला आणि त्यात बोटीतून डॉल्फिन, झिपलाइन, पॅरासेलिंग सगळं भरलं. अगदी माझ्या लेखांसारखा दिसत होता. आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "लग्न झाल्यावर कोण फिरतंय? तेव्हा पाय सुजलेले असतात."

तुम्हीही असा बेत करत असाल तर माझ्या आईचं ऐका आणि फिरायचं ते लग्नाच्या आधी फिरा. बेंगळुरूहून मुंबई आणि मुंबईहून मॉरिशस अशी आमची दोन वेगळी तिकिटं होती. पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं असतं तर भुर्दंड आमचाच. आधी निघालं की एखादा दिवस वाया गेला तरी मुहूर्त चुकत नाही. शिवाय लग्नानंतर सगळा घोळका एकत्र असतो, कुठे जायचं ते कुणीतरी मोठ्यानं बोलणारा ठरवतो आणि आईसारखी माणसं बसच्या मागच्या सीटवर गप्प बसतात.

मग मी तो तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुला काय बघायचंय?" हे मी खरं तर पहिल्यांदाच विचारायला हवं होतं.

"तिथं आपली माणसं आहेत म्हणे. ती बघू की."

खरंच आहेत. इंग्रजांच्या काळात उसाच्या मळ्यांसाठी भारतातून गिरमिटिया मजूर मॉरिशसला नेले, त्यांतले बरेचसे बिहारकडचे. पण मुंबई बंदरातून मराठी माणसंही गेली, त्यांत कोकणातली पुष्कळ. त्यांची पतवंडं, खापरपतवंडं आज तिथे आहेत. तिथल्या शाळांमध्ये मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मी रोज समुद्रकिनाऱ्यांवर लिहिते, पण हे मला शोधून वाचावं लागलं.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर मॉरिशसला फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही; उतरल्यावर परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. ऑनलाइन एक फॉर्मही भरायचा असतो. नियम बदलतात, तेव्हा निघण्याआधी सरकारी साइटवर बघून घ्या. लग्नाच्या दोन रात्रींचं बुकिंग मामाच्या नावावर होतं, म्हणून आमची नावं घातलेलं पत्र हॉटेलकडून मागवून घेतलं. पाहुणे म्हणून जाणारे नेमके हे विसरतात.

खरा वेळ खाल्ला तो आईच्या पासपोर्टनं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं आणि जन्मतारखा दोन. घरोघरी आयांची हीच गत असणार. सगळं जुळवून पासपोर्ट हातात यायला आम्हाला अडीच महिने लागले, तेव्हा तिकिटांच्याही आधी तिथूनच सुरुवात करा.

पैशांचं म्हणाल तर दोघींची तिकिटं मिळून ८०,००० रुपयांच्या आसपास गेली. अर्धे मी दिले. अर्धे आईनं भिशी उचलून दिले. ते मशीनच्या नव्या मोटारीसाठी ठेवलेले होते. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "पायानं मारतो की अजून वर्षभर."

एप्रिल संपता संपता आई राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं व्हाइटफील्डला आली ती दोन पिशव्या नारळ, आंब्याची पानं आणि खोबऱ्याच्या वाट्या घेऊन, लग्नाला लागतात म्हणून! फळं, पानं, बिया मॉरिशसला परवान्याशिवाय नेता येत नाहीत आणि सुकं खोबरं चेक-इन सामानात चालत नाही. माझ्या फ्लॅटमेटनं त्या नारळांची चटणी आठवडाभर खाल्ली. ब्लडप्रेशरच्या गोळ्या मात्र चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत घेतल्या. शालही घेतली, कारण आपल्याकडचा मे म्हणजे उन्हाळा, तर तिथे हिवाळ्याची सुरुवात. पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दिवसाचा बेत सकाळी लवकर सुरू होईल असा आखायचा. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

मुंबईहून सहा तासांहून थोडं जास्त लागतं. आई पूर्णवेळ खिडकीला चिकटून होती.

पहिला दिवस आम्ही फ्लिक-आं-फ्लाकच्या किनाऱ्यावर, एका साध्या गेस्ट हाऊसमध्ये नुसता काढला. दुसऱ्या दिवशी बसनं पोर्ट लुईला गेलो, आप्रवासी घाटावर. बंदराकाठी दगडी इमारतींचे थोडेसे अवशेष आहेत, बघायला फार काही नाही. पण १८३४ ते १९२० या काळात भारतातून जवळपास पाच लाख मजूर या बेटावर आणले गेले आणि १८४९ मध्ये हा तळ उभा राहिल्यावर ते बोटीतून उतरले ते इथेच. २००६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. वर चढायच्या सोळा पायऱ्या अजून आहेत.

आईनं त्या बोटानं मोजल्या. मग विचारलं, "बायका पण होत्या काय ह्यात?"

होत्या, म्हटलं.

ती बराच वेळ गप्प होती. "लुगडी किती आणली असतील गं? एक अंगावर, एक वाळत. बास." मी इतकं वाचून गेले होते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

बाहेर एका गाडीवर ढोलपुरी घेतली. डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, आत घेवड्याची भाजी आणि तिखट चटणी. आई म्हणाली, "गूळ घालायचा विसरलेत, नाहीतर पुरणपोळीच की." गाडीवरच्या बाईंना आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र दिसलं. बाबा गेल्यावरही ती ते घालते, कुणी काही बोललं तरी. बाईंनी मोडक्या हिंदीत विचारलं, कुठल्या? मराठी म्हटल्यावर स्वतःकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आजी. मराठी." पुढचं त्यांना येत नव्हतं. आईला क्रिओल येत नव्हतं. तरी दोघी पाच मिनिटं बोलत उभ्या होत्या, काय ते मला विचारू नका.

तिसऱ्या दिवशी गाडी ठरवून शामारेलची सात रंगांची माती आणि गंगा तलाव केला. तलावापाशी १०८ फुटी शंकर आहे, वडोद्याच्या सूरसागरातल्या मूर्तीसारखा. ठिकाण उंचावर असल्यानं शाल लागलीच.

आणि मग लग्न. मंडळी रात्रभर जागून उतरली, कुणाचं डोकं धरलेलं, कुणाची बॅग आलेली नाही. दुसऱ्या दिवशी मामानं सगळ्यांसाठी अर्ध्या दिवसाची बस ठरवली होती. आई मागच्या सीटवर बसायला निघाली, पण पुण्याच्या मामीनं तिला पुढे ओढलं, "वन्सं, तुम्ही बघितलंय ना सगळं, तुम्हीच सांगा." मग काय! अंधार लवकर पडतो, आधी घाट करा. ढोलपुरी एक मागू नका, जोडीनंच देतात. शाली घेतल्यात काय सगळ्यांनी?

मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "ताई इथं आधी येऊन गेलीय की काय?"

मी म्हटलं, "हो. परवाच."

जूनपासून आईनं भिशी पुन्हा लावली आहे. हप्ता वाढवलाय. मोटारीसाठी का, असं विचारलं तर म्हणते, बघू.