पिठातला किडा

रायपूरच्या गुढियारी भागात आमचे बिऱ्हाड होते. एका पावसाळ्यात आईने पिठाचा डबा उघडला, तर पीठ गुलाबीसर झालेले, उग्र दर्प सुटलेला आणि आत तांबूस किडे फिरत असलेले. तिने दोनदा चाळून पाहिले, वास जाईना. अर्ध्या महिन्याचे पीठ टाकून देताना तिचे डोळे भरून आले.

“एवढ्या घाणीत हे किडे आजारी कसे पडत नाहीत?” मी विचारले.

“तुला काय सुचते रे अशा वेळी!” ती म्हणाली.

उत्तर पुढे पुस्तकांत मिळाले. तो पिठातला तांबडा भुंगेरा. त्याच्या अंगातून क्विनोन नावाची द्रव्ये पाझरतात आणि भोवतीच्या पिठातील जंतूंना वाढू देत नाहीत. आमचे पीठ नासवणारा दर्प म्हणजे त्याचे औषधच! जंतू शरीरात शिरलाच, तर रक्तातील पेशी त्याला गिळतात किंवा काळ्या रंगद्रव्याच्या आवरणात कोंडतात. लायसोझाइम नावाचे विकर जंतूची पेशीभित्तिकाच फोडते. आपल्यासारखी प्रतिपिंडे नसूनही हा इवलासा जीव असा तग धरतो.

याच जातीचे विकर अलेक्झांडर फ्लेमिंग यांना माणसाच्या नाकातील स्रावात आढळले. १९२२ साली त्यांनी ते जगापुढे मांडले. आपल्या अश्रूंतही ते भरपूर असते.

हे सारे मी आईला सांगितले, तेव्हा ती पीठच चाळत होती.

“म्हणजे औषध त्याच्याकडेही आणि माझ्याकडेही,” ती म्हणाली, “पीठ मात्र माझेच गेले.”