बडबड की गाणं?

मुलांनो, रॅप म्हणजे नुसती बडबड, असं घरी मोठी माणसं म्हणतात ना? मी वर्गात रोज बडबडगीतं म्हणून घेते, त्यामुळे शब्द तालावर कसा बसतो इकडे माझे कान आधी जातात. केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स' हा अल्बम २२ नोव्हेंबर २०२४ ला अचानक आला. बारा गाणी. सुरुवातीला देइरा बरेरा ही गायिका स्पॅनिशमध्ये सूर लावते आणि मग लमार बोलू लागतो. श्वास कुठं घेतो तेच कळत नाही! पाढ्यांसारखी एकसुरी चाल नाही. एक ओळ तालाच्या पुढं पळते, दुसरी मुद्दाम रेंगाळते. यात शिव्याही आहेत, तेव्हा आईबाबांनी आधी स्वतः ऐकावा. पण याच लमारला 'डॅम' या अल्बमसाठी २०१८ साली पुलित्झर पारितोषिक मिळालं. शास्त्रीय आणि जॅझ सोडून इतर संगीताला ते प्रथमच मिळालं.

बिली आयलिशची तऱ्हा अगदी उलट. ती कानाशी कुजबुजते. तिचा २०१९ चा अल्बम तिनं नि भाऊ फिनियसनं बहुतेक घरातल्या त्याच्या खोलीतच ध्वनिमुद्रित केला. दोघं शिकलीही घरीच. (म्हणून शाळा सोडायचा हट्ट धरू नका हं!) २०२४ च्या 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट'मधलं 'द ग्रेटेस्ट' हे गाणं गिटारवर हळूच सुरू होतं, आणि पुढं ती असा काही टाहो फोडते, की मी आवाज कमी करायला उठले. पण केला नाही. गाणं संपल्यावर पुन्हा लावलं.