घराचे ऊर्जा प्रमाणपत्र कसे निघते

इंग्लंडमध्ये घर विकायला काढायचे किंवा भाड्याने द्यायचे असेल, तर त्याचे ऊर्जा-कार्यक्षमता प्रमाणपत्र हाताशी असावे लागते. सगळे त्याला ईपीसी म्हणतात. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशातून ही पद्धत आली आणि इंग्लंड-वेल्समधल्या घरांना ती २००७पासून लागू होत गेली. प्रमाणपत्र १० वर्षे चालते. घराला गुण मिळतात आणि गुणांवरून ए ते जी अशी श्रेणी ठरते: ९२ आणि त्यापुढे ए, ६९ ते ८० सी, ३९ ते ५४ ई. खासगी भाड्याच्या नव्या करारांना १ एप्रिल २०१८पासून किमान ई श्रेणी सक्तीची झाली, चालू करारांना १ एप्रिल २०२०पासून. काही सवलती सोडल्या, तर ३८ आणि ३९ या दोन आकड्यांमध्ये घरमालकाचे भाडे अडकलेले असते.

हे प्रमाणपत्र मान्यताप्राप्त असेसरच देऊ शकतो. सरकारने मंजूर केलेल्या एखाद्या संस्थेकडे त्याची नोंदणी असते आणि त्या संस्थेच्या ऑनलाइन प्रणालीत तो घराची माहिती भरतो. प्रस्तुत लेखक लेस्टर आणि आसपासच्या गावांत हेच काम करतो. बाहेरच्या माणसाला वाटते, गुण संगणक ठरवतो. संगणक फक्त हिशेब करतो. गुण ठरतो तो टेप, टॉर्च आणि कागदपत्रांवर.

सुरुवात पत्त्यापासून. प्रत्येक मालमत्तेला स्वतःचा क्रमांक असतो आणि प्रणालीतल्या यादीतून नेमका तोच निवडावा लागतो. सरळ घराला यात काही अडत नाही. जुन्या मोठ्या घराचे फ्लॅट केलेले असले की मात्र घोळ होतो. दारावर ‘फ्लॅट २’ असते आणि यादीत तीच जागा ‘पहिला मजला’ म्हणून असते. हा गुंता जागेवरच सोडवलेला बरा, कारण शेजाऱ्याच्या पत्त्यावर चढलेले प्रमाणपत्र कोणाच्याच कामाचे नसते.

मग बांधकामाचा काळ, प्रत्येक मजल्याचे आतले क्षेत्रफळ, छताची उंची आणि बाहेरच्या हवेला लागून असलेल्या भिंतींची लांबी. यात सर्वांत जास्त लक्ष मागते ती भिंत. लेस्टरमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, एकमेकांना चिकटून ओळीने बांधलेली विटांची घरे भरपूर आहेत. रस्त्यावर उभे राहून विटांची रचना पाहायची. विटेची लांब बाजू आणि आखूड तोंड आलटूनपालटून दिसले, तर भिंत नऊ इंची, भरीव. नुसत्या लांब बाजूच दिसल्या, तर बहुधा दोन पदरांची भिंत आणि मध्ये पोकळी. बाहेरून गिलावा असेल, तर मागच्या दाराच्या चौकटीपाशी टेप लावून जाडी मोजायची. नऊ इंची जुन्या भिंतीतून उष्णता झपाट्याने निसटते. प्रणाली तिच्यासाठी १.७ हा गुणांक धरते, म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून १.७ वॅट. भिंतीचा हा एक पर्याय चुकला, तर बाकीची मापे अचूक असूनही गुण खोटा ठरतो.

पोटमाळ्यावर शिडीने चढून तुळयांच्या मध्ये अंथरलेल्या उष्णतारोधक लोकरीची जाडी मोजतात आणि टेपचा आकडा वाचता येईल असा फोटो घेतात. आजची शिफारस २७० मिलिमीटरची आहे. जुन्या घरांत त्याच्या निम्म्याहून कमी सापडणे नेहमीचेच.

खरा वाद होतो तो न दिसणाऱ्या कामावर. एका घरमालकाने पुढच्या खोलीच्या भिंतींना आतून उष्णतारोधक फळ्या बसवून घेतल्या होत्या. वर प्लास्टर, त्यावर ताजा रंग. बिल हरवलेले, गॅरंटी नाही, काम चालू असतानाचा एकही फोटो नाही. तो कळवळून सांगत होता आणि त्याच्या बोलण्यावर शंका घेण्यासारखे काही नव्हते. तरीही प्रणालीत ‘मूळ बांधकामाप्रमाणे’ हाच पर्याय निवडावा लागला. पुराव्याशिवाय सुधारणा धरायची नाही, हा नियम कठोर आहे, पण योग्य आहे. त्या कागदावर विसंबून उद्या कोणीतरी घर विकत घेणार किंवा हिवाळा काढणार असते.

बॉयलरचे काम त्यामानाने सोपे. त्यावरची पाटी वाचून नेमके मॉडेल राष्ट्रीय डेटाबेसमधून उचलायचे, की कार्यक्षमता आपोआप येते. खिडक्यांचे काम मात्र वाढले आहे. १५ जून २०२५पासून लागू झालेल्या नव्या पद्धतीत प्रत्येक खिडकी वेगळी मोजून नोंदवावी लागते. वेळ जास्त जातो, पण मोठ्या काचांच्या घरांना आता जास्त न्याय मिळतो.

माहिती पूर्ण झाली की प्रणाली हिशेब मांडते. यात राहणाऱ्यांची खरी बिले येत नाहीत. बैठकीत २१ अंश आणि इतर खोल्यांत १८ अंश राखणारे ठरावीक कुटुंब गृहीत धरलेले असते, म्हणजे काटकसरी आणि उधळ्या माणसांच्या घरांची तुलना सारख्या मापाने होते. मुख्य गुण इंधनाच्या खर्चावर बेतलेला असतो. कार्बनचा आकडा वेगळा मोजतात. म्हणून महाग विजेच्या साध्या हीटरवर चालणारे घर गॅसवरच्या तशाच घरापेक्षा खाली येते. हवामानाच्या दृष्टीने ही त्रुटी गंभीर आहे, आणि प्रमाणपत्र वाचणाऱ्याने दोन्ही आकडे पाहिले पाहिजेत.

शेवटी प्रमाणपत्र सरकारी नोंदवहीत चढवतात. एकदा चढले की त्यात दुरुस्ती करता येत नाही. चूक निघाली, तर नवे काढून जुने रद्द करावे लागते. प्रत्येक प्रमाणपत्राला २० अंकी क्रमांक मिळतो आणि पोस्टकोड टाकून ते कोणालाही पाहता येते. पुढे संस्था काही प्रमाणपत्रे तपासणीसाठी मागवते. तेव्हा फोटो, हाताने काढलेला नकाशा आणि टिपणे यांतून प्रत्येक नोंद सिद्ध व्हावी लागते.

इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना एवढीच विनंती: भिंत, पोटमाळा किंवा जमिनीखाली काहीही बसवून घ्याल, तेव्हा प्लास्टर चढण्याआधी फोटो काढा, बिल आणि गॅरंटी घराच्या कागदपत्रांत ठेवा, आणि असेसर येईल त्या दिवशी पोटमाळ्याचे झाकण मोकळे ठेवा.