एका बिऱ्हाडात दोन वाघ

धर्मराज स्वर्गाच्या वाटेला लागला तेव्हा त्याच्या पाठोपाठ एक कुत्रा चालत होता, हे सर्वांना ठाऊक आहे. तो एकच होता, याचे महत्त्व मात्र आम्हांला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळले. दोन असते तर इंद्राशी वाद घालण्याची पाळीच आली नसती. रथाच्या पायरीशीच दोघांनी एकमेकांचे गळे धरले असते आणि धर्मराजाचे स्वर्गारोहण निदान त्या दिवसापुरते तरी तहकूब झाले असते. कारण कुत्र्यांची भांडणे, आमच्या बिऱ्हाडातली तरी, चिंचोळ्या जागी आणि कोणाच्या तरी येण्याजाण्याच्या वेळीच होतात.

आमचे बिऱ्हाड दिल्लीत रामकृष्णपुरमच्या एका सरकारी क्वार्टरमध्ये आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक गॅलरी. शेरू हा या घरचा जुना रहिवासी. एका थंडीत जिन्याखाली कुडकुडत असलेले हे पिलू आमच्या मुलीने फ्रॉकच्या ओच्यात घालून वर आणले आणि ते राहिले. वाघ्या साताऱ्याकडचा, आमच्या वडिलांचा. २०२३ च्या पावसाळ्यात वडील गेले. दिवाळीनंतर आम्ही मातोश्रींना दिल्लीस आणावयास गेलो, तेव्हा "वाघ्याला सोडून मी यायची नाही" एवढेच त्या म्हणाल्या. तेव्हा गोवा एक्स्प्रेसच्या गार्डाच्या डब्यातील पिंजऱ्यात बसून वाघ्याही राजधानीस आला. मोठे स्थानक आले की आम्ही धावत जाऊन त्याला पाणी पाजीत होतो. एकाच्या नावात मराठी वाघ, दुसऱ्याच्या नावात हिंदी. अर्थ एकच, भाषा तेवढ्या दोन.

पहिले काही आठवडे दोघांनी एकमेकांना ओळख दाखविली नाही. नव्या वसाहतीतील शेजारी जिन्यात भेटले की जसे भिंतीकडे पाहत उतरतात, तसे ते वागत. मग जानेवारीतल्या एका संध्याकाळी आम्ही कचेरीतून परतलो. दार उघडताच दोघेही एकदम स्वागतास धावले. बोळ जेमतेम दोन हात रुंद. कोणाचा खांदा कोणाला लागला ते कळले नाही. पुढच्या क्षणी एकच गोळा जमिनीवर लोळत होता, आणि जो आवाज येत होता तो आम्ही त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. आमची मुलगी खाटेवर चढून किंचाळत होती. आम्ही, पदवीधर असूनही, मधे हात घातला.

सौभाग्यवतींनी बादलीभर पाणी ओतले तेव्हा दोघे सुटले. दिल्लीच्या जानेवारीतील ते पाणी. शुद्धीवर आम्हीही आलो. दात कोणाचा लागला हे आजही सांगता येत नाही. भांडणात बेभान झालेल्या कुत्र्याला हात धन्याचा की शत्रूचा हे उमगत नसते. म्हणून मधे घालावयाची ती खुर्ची, फळी किंवा घोंगडी. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली. दोघांनाही दरसाल लस टोचली जाते, तरीही इस्पितळातील डॉक्टरांनी जोखीम घेतली नाही. त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी सुया घेतल्या.

कचेरीत हाताची पट्टी पाहून सल्ल्यांचा पाऊस पडला. "एकदा होऊन जाऊ द्या, मोठा कोण ते ठरेल," असे बहुमत होते. दुसरा पक्ष म्हणाला, जो ज्येष्ठ असेल त्याचा मान राखा. जेवण आधी त्याला, दारातून आधी तो. ज्येष्ठता-यादी हा आमच्या रोजच्या कामातलाच विषय. पण इथे पेच असा की वयाने वाघ्या ज्येष्ठ, तर या कार्यालयात रुजू होण्याच्या तारखेने शेरू. अशा प्रकरणांत कर्मचारी निवृत्त होतात, तरी यादी अंतिम होत नाही.

पुढे वाचनात आले की 'मोठा कोण' या कल्पनेचे मूळ लांडग्यांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण करून १९४७ मध्ये त्यांच्या चढाओढीचे वर्णन प्रसिद्ध केले. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने ती कल्पना घरोघर पोहोचविली. पण त्याच मेक यांनी १९९९ मध्ये स्वतःला दुरुस्त केले: रानातला लांडग्यांचा कळप बहुधा एक कुटुंब असते, आईबाप आणि त्यांची पोरे, तिथे गादीसाठी लढाया होत नाहीत. लढतात ते एका कुंपणात कोंडलेले परके लांडगे. हे वाचून आम्ही आमच्या दोन खोल्यांकडे पाहिले. कुंपण होते, परके होते, आणि कोंडणारे आम्हीच होतो.

अखेर दोघांना निरनिराळ्या वेळी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी वाघ्याचा उजवा कान उघडून आम्हांला दाखविला. आत सूज होती, पू होता. कमरेचे सांधेही आखडलेले. अकरा वर्षांच्या त्या म्हाताऱ्याला शेरूचा साधा धक्कादेखील कळ आणीत होता. "हा आधी गुरगुरत नाही का?" त्यांनी विचारले. आम्ही थोड्या अभिमानानेच सांगितले, "पूर्वी गुरगुरायचा. आम्ही प्रत्येक वेळी दटावून ती खोड मोडली." डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "फाटकावरची घंटा काढून घेतलीत, आणि गाडी तशीच धावते आहे. गुरगुरणे ही धमकी नव्हे हो. जवळ येऊ नकोस, एवढीच ती विनंती असते. ती कोणी ऐकेना, बोलूही देईना, की मग दात उरतात."

त्या रात्री जेवणानंतर मातोश्री म्हणाल्या, "वाघ्याला गावी पोचवून ये रे. मागून आला त्यानंच जावं." थोड्या वेळाने भिंतीकडे पाहत त्यांनी पुस्ती जोडली, "त्याच्याबरोबर मीही जाईन म्हणते."

तीन महिन्यांत त्यांनी एकदाही कुरकुर केली नव्हती. "आई इथे छान रुळली" असे आम्ही धाकट्या बहिणीला फोनवर दर रविवारी सांगत होतो. सुरुवातीस कधी त्या काही बोलल्या असतील, तर "असू दे ग आई, इथली रीत वेगळी" असे म्हणून आम्ही तो विषय मिटविला होता. मिटविला असे आम्हांला वाटले होते.

सौभाग्यवती आमच्याआधी उमजल्या. त्या मातोश्रींजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आई, वाघ्या कुठं जाणार नाही, तुम्हीही नाही. पण मनात काय आहे ते बोला. ठेवू नका."

मातोश्री बोलल्या. गोष्टी लहानच होत्या. खाट बैठकीच्या खोलीत, त्यामुळे सगळे निजेपर्यंत पाठ टेकता येत नाही. टीव्हीचा आवाज मोठा. देव अजून ट्रंकेतच आहेत. भाजी कोणती करायची हे कोणी विचारीत नाही. त्यांचे संपल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "आता मी बोलू का?" त्यांचीही यादी निघाली, डबे हलविल्यापासून ते पाहुण्यांदेखत मीठ कमी असल्याचे सांगण्यापर्यंत. आमच्या जिभेवर "जाऊ दे आता" हे शब्द दोनदा आले. डॉक्टर आठवले, आणि आम्ही ते गिळले.

पुढच्या आठवड्यात आतली खोली मातोश्री आणि नात यांची झाली. देवांना कोपरा मिळाला. आम्ही उभयतां बैठकीत आलो. गॅलरीला ताडपत्री बांधून तिथे गोणपाटावर वाघ्याची जागा केली. त्याचा कान रोज धुऊन औषध घालण्याचे काम मातोश्रींकडे. तीन आठवडे दोघांची तोंडे एकमेकांना दिसू दिली नाहीत. फक्त गोणपाटांची अदलाबदल करीत असू, म्हणजे वासाची ओळख राहावी. दोन जर्मनच्या थाळ्या, दोन ठिकाणी, आणि जेवण होताच उचललेल्या. मग सकाळी मैदानात सौभाग्यवतींच्या हाती शेरू, आमच्या हाती वाघ्या, मधे वीस हातांचे अंतर, आणि दोघांचीही तोंडे एकाच दिशेस. ते अंतर हळूहळू कमी होत गेले. घरात पहिली भेट मुसके बांधून झाली. आम्ही कचेरीतून आलो की आता दारात कोणाचे कोडकौतुक करीत नाही. बूट काढतो, आत येतो, मग एकेकाला हाक मारतो. पूर्वी दारातच दोघांना चढविणारे आम्हीच होतो.

त्यांची मैत्री झाली असे लिहिले तर ते खोटे ठरेल. पाणिनीने कायमचे वैर असणाऱ्यांसाठी समासाचा एक वेगळा नियमच केला आहे. साप आणि मुंगूस, मांजर आणि उंदीर त्यात बसतात. पण दोन कुत्र्यांचे वैर त्या जातीचे नव्हे. ते जागेचे, दुखण्याचे आणि न ऐकलेल्या बोलण्याचे असते. म्हणून त्याला थोडाफार उपाय असतो. रोज करावा लागतो एवढेच.

वाघ्या आता तेराव्या वर्षात आहे. परवा तो बोळात आडवा पसरला होता. शेरू तुरुतुरु आला. वाघ्याच्या घशातून बारीक गुरगुर निघाली. आम्ही दटावले नाही. शेरू थबकला, त्याने तोंड फिरविले आणि स्वयंपाकघरातून वळसा घेऊन गेला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मातोश्रींचा आवाज आला, "टीव्ही जरा बारीक कर रे."

आम्ही बारीक केला.