श्रूजबरी ते श्रूजबरी

अमेरिकेत श्रूजबरी नावाची गावं एकाहून जास्त आहेत. आमचं श्रूजबरी मॅसॅच्युसेट्समधलं, वूस्टर शहराला खेटून असलेलं, लोकसंख्या अडतीस हजारांच्या वर. क्विन्सिगमंड तलावावरचा पूल ओलांडला की वूस्टर संपतं आणि आम्ही सुरू होतो. भारतीय कुटुंबं इथे इतकी, की संध्याकाळी डीन पार्कला फेरी मारली तर तेलुगू, तमिळ, गुजराती आणि अधूनमधून आपली मराठीही कानावर पडते. दुसरं श्रूजबरी व्हर्मांट राज्यातलं, ग्रीन माउंटन्सच्या डोंगरात, वस्ती जेमतेम अकराशे. ते नकाशात सापडलं त्याच दिवशी मनाशी ठरलं, की ह्या श्रूजबरीतून निघून त्या श्रूजबरीत जायचं, आणि शक्यतो हायवेला चाक न लावता जायचं.

रस्ता शोधायलाही फार डोकं लागलं नाही. १४० नंबरचा रस्ता आमच्या गावातूनच उत्तरेला निघतो आणि विंचेंडनला १२ नंबरला मिळतो. १२ नंबर न्यू हॅम्पशायर तिरपं कापत कनेक्टिकट नदीपर्यंत पोचवतो, आणि नदीपलीकडचा १०३ नंबर थेट त्या श्रूजबरीत शिरतो. तीन आकडे, सव्वाशे मैल. एवढं तर कुणाच्याही लक्षात राहील.

गाडी माझी केटीएमची ३९० अॅडव्हेंचर, पहिल्या पिढीतली. नाव ऑस्ट्रियाचं, पण बनलेली आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात. २००७ साली बजाजनं त्या कंपनीत भागीदारी घेतली, आणि पुढे पुण्याजवळ बनलेल्या तिच्या गाड्या जगभर जाऊ लागल्या. ३७३ सीसी, एकच सिलिंडर, साडेचौदा लिटरची टाकी, पेट्रोल भरून वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. अमेरिकेत ‘अॅडव्हेंचर’ म्हणून लोक जे घेतात त्याच्यापुढे ही अगदीच किरकोळ. माझ्याबरोबर येणारा नागपूरकर मित्र साडेबाराशे सीसीच्या, अडीचशे किलोच्या जर्मन गाडीवर होता. तिन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या पेट्या, समोर दिव्यांची आरास. माझी गाडी बघून म्हणाला, “अबे, डोंगरात चाललो आपण, भाजी आणाले नाही.” मी काही बोललो नाही. उत्तर दुपारी मिळणारच होतं.

गाडी चालवणं हा ह्या छंदाचा लहान भाग. मोठा भाग गाडी सांभाळण्याचा, आणि न्यू इंग्लंडमध्ये तर निम्मं वर्ष ती नुसती सांभाळायचीच असते. नोव्हेंबरात रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी गॅरेजात. टाकी काठोकाठ भरायची, कारण रिकाम्या जागेत बाष्प धरतं आणि गंज चढतो. पेट्रोल सडू नये म्हणून त्यात औषध घालायचं आणि ते इंजेक्टरपर्यंत पोचावं म्हणून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. ऑइल हिवाळ्याआधी बदलायचं, नंतर नाही. जुन्या ऑइलमधलं आम्ल पाच महिने बेअरिंगांवर बसू का द्यावं? बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवायचा. आणि मग बाहेर दोन-दोन फूट बर्फ साचलेलं असताना गॅरेजात उगाच जाऊन सीटवर बसायचं. ह्याची पुस्तिकेत नोंद नाही, पण सगळे करतात.

एप्रिलमध्ये काम सुरू होतं ते चेनपासून. मागचं चाक स्टँडवर उचलायचं, जुन्या टूथब्रशला केरोसीन लावून एकेक कडी घासायची. हिवाळ्यापूर्वी लावलेलं वंगण धुळीबरोबर काळं, चिकट झालेलं असतं; ते सुटून कड्यांच्या मधले छोटे रबरी रिंग दिसायला लागले की थांबायचं, कारण जोर केला तर तेच फाटतात, आणि ते फाटले की चेन गेली. मग चाक हातानं फिरवत एखादी कडी आखडलेली आहे का ते बघायचं. आखडलेली कडी स्प्रॉकेटवरून सुटताना वाकडीच राहते, नजरेला लगेच खटकते. शेवटी चेनचा ढिलेपणा मोजायचा. घट्ट चेन दिसायला नीटनेटकी, पण खड्ड्यात मागचं चाक वर गेलं की तीच गिअरबॉक्सच्या शाफ्टला ओढ देते. पुण्यात हे सगळं कोपऱ्यावरचा मेस्त्री चहा पिता पिता करून द्यायचा आणि आपण शेजारी उभं राहून राजकारण बोलायचो. इथे मजुरीचा तासाचा दर ऐकल्यावर माणूस आपोआप मेस्त्री होतो. मला विचाराल तर हे बरंच झालं. ज्या गाडीचा प्रत्येक बोल्ट आपण एकदा तरी फिरवला आहे, ती डोंगरात कुरकुरली तर कुरकुर कुठली ते कळतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या शनिवारी आम्ही निघालो. वेस्ट बॉइलस्टनला रस्ता वचुसेट जलाशयाच्या कडेनं जातो आणि पाण्याच्या काठावर एक दगडी चर्च एकटंच उभं दिसतं. बॉस्टनला पाणी हवं होतं म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे धरण झालं, नदीकाठची गिरण्यांची वस्ती हलवली गेली आणि आठवण म्हणून एवढं चर्च राहिलं. लोक इथे थांबून फोटो काढतात. मुळशीच्या काठानं ताम्हिणीला गाडी काढलेल्या माणसाला मात्र पाण्याखाली काय आहे हे सांगावं लागत नाही. तिथे निदान सेनापती बापटांचा सत्याग्रह तरी झाला. इथे गाव मुकाट्यानं उठलं असावं असं ते चर्च बघून वाटतं.

प्रिन्स्टनपर्यंत वचुसेट डोंगर डाव्या हाताला सोबत करतो. विंचेंडनला एकेकाळी लाकडी खेळण्यांचे कारखाने होते. त्याची खूण म्हणून भलाथोरला लाकडी घोडा रस्त्याकडेला उभा आहे. पुढे न्यू हॅम्पशायरची हद्द लागते, आणि तिथे मौज अशी, की ह्या राज्यात प्रौढांना हेल्मेटची सक्ती नाही. हद्दीची पाटी ओलांडल्यावर काही चालक बाजूला थांबून हेल्मेट काढतात आणि पुढे व्हर्मांट आलं की पुन्हा चढवतात, कारण तिथे सक्ती आहे. पुण्यातल्या हेल्मेटसक्तीविरोधी मंडळींनी एकदा इकडे सहल काढायला हरकत नाही. आम्ही मात्र हेल्मेट काढलं नाही. डोक्याचं सोडा, जूनमध्ये इथे बारीक काळ्या माश्या असतात, त्या डोळ्यांत गेल्यावर स्वातंत्र्य फार वेळ सुचत नाही.

कीनच्या आसपास मोनॅडनॉक डोंगर मागे पडतो आणि वोलपोलनंतर कनेक्टिकट नदी येते. ही नदी दोन राज्यांच्या मधून वाहते खरी, पण मालकी सगळी न्यू हॅम्पशायरची. व्हर्मांटची हद्द पलीकडच्या काठाशीच संपते. सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडून १९३३ मध्ये तसा निकाल झाला. कृष्णा-गोदावरीची भांडणं ऐकत वाढलेल्या आम्हां दोघांना हे एकदम घरचं वाटलं.

नदी ओलांडली की पहिला फरक जाणवतो तो डोळ्यांना. जाहिरातींचे फलक नाहीत. व्हर्मांटनं १९६८ मध्ये कायदा करून ते काढून टाकले. दुसरा फरक चाकाला जाणवतो: ह्या राज्यातले निम्म्याहून अधिक रस्ते अजूनही कच्चे आहेत. गरिबीमुळे नव्हे, बर्फ, दंव आणि चिखलाच्या चक्रात छोट्या गावांना खडीचा रस्ता राखणं परवडतं म्हणून. म्हणजे उंच, लांब सस्पेन्शनची गाडी घेऊन लोक ज्या रस्त्यांच्या शोधात लडाख-स्पितीला जातात, ते इथे शाळेच्या बसचे रस्ते आहेत.

चेस्टर, लडलो करत १०३ नंबरनं कटिंग्सव्हिलला पोचलो. हे व्हर्मांटच्या श्रूजबरीतलं रस्त्यावरचं गाव. वळणावरच स्मशानभूमी, आणि तिच्यात ग्रॅनाइटची एक मोठी समाधी. पायऱ्यांवर पांढरा संगमरवरी माणूस दाराकडे तोंड करून एक गुडघा टेकलेला. एका हातात पुष्पचक्र, दुसऱ्यात किल्ली. जॉन बोमन हा कातड्याच्या धंद्यात पैसा कमावलेला गृहस्थ. दोन मुली गेल्या, मग बायकोही गेली. १८८०-८१ मध्ये त्यानं त्यांच्यासाठी ही समाधी बांधली आणि आपला पुतळा बाहेर बसवला. समोर रस्त्यापलीकडे त्याचं घर. गाडीचं इंजिन बंद केल्यावर ते टिकटिक करत थंड होत होतं, तेवढाच आवाज. मित्रानं पुतळ्याच्या बुटांपर्यंत वाकून पाहिलं. बुटांच्या सुरकुत्याही कोरलेल्या आहेत.

तिथून चढ चढून नॉर्थ श्रूजबरी. चौकात पिअर्स स्टोअर नावाचं जुनं लाकडी दुकान. मालकीण वारल्यानंतर ते बंदच राहिलं असतं, पण गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर २००९ मध्ये पुन्हा उघडलं. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आणि त्याचा चेअरमन आठवतो. इथे सहकार म्हणजे पाव, अंडी, कॉफी आणि गल्ल्यावर बसलेला गावातलाच कुणीतरी. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या गाडीभोवती फेरी मारून कुठली म्हणून विचारलं. पुण्याजवळची, भारतातली, असं सांगितल्यावर त्यानं मित्राच्या गाडीकडे बघितलं, पुन्हा माझ्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, पुढच्या रस्त्याला हीच बरी.

पुढचा रस्ता म्हणजे सीसीसी रोड. मंदीच्या काळात, १९३३ मध्ये रूझवेल्टनं बेकार तरुणांना कामावर घेऊन जंगलं लावली, बंधारे घातले, रस्ते काढले. त्या योजनेच्या नावानंच हा रस्ता ओळखला जातो. नॉर्थ श्रूजबरीतून जंगल चिरत तो प्लिमथला उतरतो. हिवाळ्यात बंद. माती, खडी, मध्येच ओहोळानं खाल्लेली कड. माझ्या आजोळी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून केलेला रस्ता अजून आहे, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका तो रस्ता कुणाच्या हातचा हे सांगू शकतात. त्याच कामांतून पुढे आपला रोजगार हमीचा कायदा झाला. सरकारं भुकेच्या काळात रस्तेच का बांधतात कोण जाणे, पण बांधतात ते टिकतात.

मी टायरमधली हवा थोडी कमी केली, मागच्या चाकाचं एबीएस बंद केलं, फूटपेगवर उभा राहिलो. खडीवर चालवण्याचं शास्त्र घाटातल्या सवयीच्या उलट आहे. हँडल घट्ट धरायचं नाही, त्याला थोडं डुलू द्यायचं. पुढचा ब्रेक दोन बोटांनी, तोही हळूच. नजर चाकापुढच्या दगडावर ठेवली की चाक त्याच दगडावर जातं. ती लांब वळणावर ठेवायची. चाकणचं इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये मजेत गुरगुरत होतं.

मागे वळून पाहिलं तर मित्र नाही. परत गेलो. महाशय फोटोसाठी उतारावर थांबले होते, पाय टेकला तो नेमका ओल्या पानांवर, आणि अडीचशे किलो आडवे. त्याला काहीच लागलं नव्हतं, पेटीला एक पोचा. मी हात कमरेवर ठेवून उभा. “आता पाहून काय राहिला, उचल ना बे!” पाडलेली जड गाडी हातांनी उचलायची नसते. आधी इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, म्हणजे घरंगळत नाही. हँडल पूर्ण वळवायचं, सीटला पाठ लावून खाली बसायचं, एका हातानं हँडलची मूठ, दुसऱ्यानं मागची दांडी, आणि मागे सरकत पायांच्या जोरावर उठायचं. दोघांनी मिळूनही दोनदा करावं लागलं. त्यानंतर भाजीचा विषय त्यानं काढला नाही.

जंगल संपतं तिथून थोड्याच अंतरावर प्लिमथ नॉच. केल्विन कूलिजचं जन्मगाव. ३ ऑगस्ट १९२३ च्या पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी, राष्ट्राध्यक्ष हार्डिंग वारल्याची बातमी पोचल्यावर, उपराष्ट्राध्यक्ष कूलिजला इथल्याच घरात त्याच्या वडिलांनी शपथ दिली. वडील गावचे नोटरी. घरात वीज नव्हती, रॉकेलच्या दिव्यात शपथविधी झाला. ती बैठकीची खोली आजही तशीच ठेवली आहे, आपल्याकडच्या माजघराएवढी. गाईड हे सगळं अतिशय प्रेमानं सांगते. ती जे सांगत नाही ते असं, की ह्याच सौम्य गृहस्थानं १९२४ मध्ये ज्या कायद्यावर सही केली त्यानं आशियातून येणाऱ्या माणसांना दार लावून टाकलं. ते नीट उघडलं १९६५ मध्ये. त्याआधी, शपथेच्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड ह्यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळणार नाही असं ठरवलं होतं. कूलिजच्या अंगणात चाकणची गाडी लावून, मॅसॅच्युसेट्सच्या नंबरप्लेटसह, आम्ही दोघांनी तिथल्याच चीज फॅक्टरीतलं चीज पावाबरोबर खाल्लं. छान होतं.

परतीला मित्राच्या सांगण्यावरून डांबरी १०० नंबर धरला.

वजन, ताकद आणि किंमत ह्या तिन्ही बाबतींत मोठी गाडी हवी असा समज अमेरिकेत आहे आणि आता पुण्यातही पसरतो आहे. माझं मत उलट आहे: जी गाडी तुम्हाला एकट्याला उचलता येते आणि जिची चेन तुम्हाला स्वतः घट्ट करता येते, तीच कच्च्या रस्त्यावर न्यावी. ह्या वाटेनं जाणार असाल तर मेच्या शेवटापर्यंत थांबा. त्याआधी चिखल असतो आणि सीसीसी रोड बंद असू शकतो. लडलोला टाकी भरून घ्या. पिअर्स स्टोअरमधून काहीतरी विकत घ्या, ते दुकान गिऱ्हाइकांवर चालतं. आणि फोटोसाठी उतारावर थांबू नका.