ढगाचे झुडूप

आकाशातला ढग जमिनीवर उतरला तर त्याचे काय होईल? जपानमधील निन्टेन्डो या कंपनीच्या कल्पक कारागिरांनी त्याचे झुडूप केले!

१९८५ साली त्यांनी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचा खेळ काढला. त्यातील किल्ले, बोगदे, संगीत, सारे अवघ्या ४० किलोबाइटांत मावावयाचे होते. आज एका छायाचित्रालाही बहुधा याहून अधिक जागा लागते. म्हणून ढगाचीच आकृती हिरव्या रंगाने रंगवून त्यांनी जमिनीवर ठेवली.

नायक मारिओ तर १९८१ सालापासूनच असा काटकसरीत वाढलेला. इवल्याशा आकृतीत केस रेखाटणे अवघड, म्हणून शिगेरू मियामोतो यांनी त्याला टोपी घातली. तोंड काढण्याऐवजी मिशा दिल्या.

खेळात रमलेल्या मुलांना मात्र ते राज्य अफाटच वाटे. साधने तोकडी होती; कल्पना तोकडी नव्हती.