जळमट

खेतवाडीतल्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर घरापुढे जेवढी गॅलरी येते, तेवढीच माझी बाग. तेलाचे रिकामे डबे, दोन जुन्या बादल्या, एक कापलेलं पिंप. त्यात तुळस, कढीपत्ता, सदाफुली, पानफुटी आणि कठड्याबाहेर झुकलेली लाल जास्वंद. पहाटे समोरच्या पत्र्यावर दयाळ शीळ घालतो, मागच्या पिंपळात तांबटाची टुकटुक चालते, खार येऊन डब्यातली माती उकरून जाते. पण माझा जीव जडलाय तो शिंजिरावर. कुणी त्याला सूर्यपक्षी म्हणतात. जेमतेम अंगठ्याएवढा पक्षी. नराच्या डोक्यावर ऊन पडलं की हिरवं चमकतं, गळा जांभळा, पोट पिवळं. मादी साधी, वरून करडी. जास्वंदीच्या फुलात तोंड घालायचं सोडून देठापाशी बाकदार चोचीने भोक पाडतात आणि तिथूनच मध ओढतात.

२०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला होता. आदल्या रविवारी मी लांब दांड्याचा झाडू घेऊन जाळी काढत होते. छताच्या वाशाला टीव्हीच्या जुन्या अँटेनाची वायर लोंबकळत होती आणि तिच्या टोकाला कचऱ्याचा झुबका. जळमट समजून मी तो एका फटक्यात खाली पाडला. फरशीवर पडल्यावर बाजूला भोक दिसलं. आत मऊ कापसाचं अस्तर आणि शेंगदाण्याएवढी दोन अंडी. एक फुटलं होतं, दुसऱ्याला तडा गेला होता.

मादी दोन दिवस त्या रिकाम्या वायरीपाशी यायची, पंख फडफडवत तिथल्या तिथे हवेत थांबायची आणि परत जायची. मला गॅलरीत उभं राहवेना. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आपण नीट बघितलं नाही गं."

तेव्हापासून मी पक्ष्यांबद्दल वाचायला लागले. पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं बालपण आमच्याच खेतवाडीतलं, हे मला इतकी वर्षं इथे राहून ठाऊक नव्हतं. जन्म १८९६ चा. आईवडील लवकर गेले आणि मामांनी त्यांना वाढवलं. लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे धाडलं आणि तिथून पुढचं सगळं घडलं. आपल्या हातून मेलेला पक्षी घेऊन तो मुलगा गप्प बसला नाही, विचारत गेला. मला त्या गोष्टीचा फार आधार वाटला.

पुढे वर्षभर मी तो कोपरा झाडला नाही, वायरही काढली नाही. वायर लोंबकळतेय, जाळी धरलीत, असं शेजारच्या वहिनी दोनदा म्हणाल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं.

२०२५ च्या मार्चच्या सुरुवातीला मादी आली. घरटं ती एकटीच बांधते. नर जवळच्या तारेवर बसून चिवचिवत होता, दुसरा नर दिसला की त्याच्या मागे लागत होता. ती मीटरच्या पेटीवरच्या कोळ्याच्या जाळ्यापाशी हवेत थरथरत थांबायची, चोचीने धागा ओढायची आणि वायरीच्या टोकाला गुंडाळायची. एकेक काडी त्या धाग्याने चिकटत गेली. बाहेरून तिने सालीचे कपचे लावले, अळ्यांची काळी विष्ठा लावली, आमच्या दाराच्या तोरणातली झेंडूची एक वाळकी पाकळीसुद्धा लावली. म्हणूनच ते कचऱ्यासारखं दिसतं. घरट्याच्या दाराच्या वर तिने छोटी पडवी काढली, पाणी आत जाऊ नये म्हणून. मी ज्याला घाण म्हणून झाडत होते, त्या जाळ्यांवर हे सगळं घर तोललेलं होतं.

पाडवा ३० मार्चला आला. आमची गुढी वर्षानुवर्षं गॅलरीच्या एकाच खांबाला बांधतात, वायरीपासून हातभर अंतरावर. सासूबाईंनी स्वतःच सांगितलं, "काठी पलीकडच्या खांबाला बांधा. देव रागवायचा नाही." वहिनींनी त्यांच्या दारापुढची जागा दिली. खाली शोभायात्रेचे ढोल-ताशे वाजत होते. मला धाकधूक होती, पण मादी घरट्याच्या तोंडातून चोच बाहेर काढून बसून राहिली.

दोन दिवसांनी तिची ये-जा वाढली. पिल्लं आली होती. आता नरही चारा आणायला लागला. चोचीत बारीक कोळी, अळ्या, माशा. मध पिणारा हा पक्षी पिल्लांना वाढवतो किड्यांवर. हे कळल्यावर कढीपत्त्यावर औषध मारणं मी कायमचं बंद केलं. शेजारच्या मुलाने प्रेमाने बाजरी आणून ठेवली होती, तीही उचलली. दाणे टाकले की कबुतरं जमतात आणि त्यांच्या गर्दीत इवलासा पक्षी फिरकत नाही. शिंजिराला दाणे नकोत, फुलं हवीत, कोळी हवेत.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी एक पिल्लू जास्वंदीच्या फांदीवर बसलेलं दिसलं, शेपूट अजून खुरटी. दुसरं दुपारपर्यंत दारातच घुटमळत राहिलं. आईबाप चारा घेऊन तारेवर बसले, हाका मारत राहिले. मग तेही निघालं.

पाडव्याला, दिवाळीला झाडू उचलाल तेव्हा आधी खाली उभं राहून दोन मिनिटं वर बघा. लोंबणाऱ्या कचऱ्याच्या बाजूला, वरच्या अंगाला भोक दिसलं, तर दीड महिना तो कोपरा तसाच राहू द्या. तेवढ्यात त्यांचं सगळं आटपतं.